मेथीची पाकळी

वृषाली मगदूमच्या नाकावर पंचवीस माणसांची पोटं चालतात, असं तिचे जुने साहेब म्हणायचे. त्यात मस्करी होती, पण खोटं फारसं नव्हतं. कुपवाडच्या त्या कारखान्यात वास तयार व्हायचे. बिस्किटात घालायचा लोण्याचा वास, नव्या रमला मुरलेली भासवणारा वास, पुडीतल्या मसाल्याला घरच्या कांडपाचा थाट देणारा वास. बाटली बाहेर पडण्याआधी वृषालीच्या नाकाखालून जायची, आणि तिनं मान हलवली नाही तर साहेबांचीही छाती नव्हती ती गाडीत चढवायची.

या बाटल्यांत सोटोलोनची बाटली सगळ्यांत चक्रम. चार कार्बन आणि एक ऑक्सिजन यांनी हातात हात घालून फेर धरला की फ्युरानचं कडं तयार होतं. त्या कड्याला आणखी दोनचार अणू इकडेतिकडे चिकटले की त्या घराण्यात नाना वासांची पोरं जन्माला येतात. भाजक्या कॉफीचा वास त्यातलाच, पिकल्या स्ट्रॉबेरीचा त्यातलाच. सोटोलोन हे त्यातलं खोडकर कार्टं. अगदी थोडं असलं की करपू घातलेल्या साखरेचा, काकवीचा वास देतं, आणि जरा जास्त झालं की सरळ मेथीचा. मेथीदाण्याला मेथीचा वास असतो तो याच्याचमुळे. शिवाय पोटात गेलं तरी शरीर त्याला फारसं बदलत नाही. घामातून, लघवीतून, अंगावरच्या दुधातून ते जसंच्या तसं बाहेर येतं. चाचणी विभागात नवीन माणूस आला की वृषाली बजावायची, "येताना मेथीची भाजी खाऊन येऊ नका. नाहीतर दिवसभर स्वतःलाच तपासत बसाल."

मग जिल्ह्यात चाफा आला, आणि आरोग्य खात्यानं तिचं नाक मागून घेतलं.

चाफा म्हणजे पाच पाकळ्यांचं पांढरं प्लास्टिकचं फूल. जिल्ह्यात जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या पाळण्याला ते बांधायचं. बाळाच्या श्वासातून, घामातून, दुपट्यातून येणारे वास ते टिपत राही, आणि काही आजारांचा वास लागला की नेमकी ती पाकळी केशरी होई. चौथी पाकळी सोटोलोनची. कारण काही मुलं जन्मतःच एक दोष घेऊन येतात. दुधातल्या प्रथिनांचे तीन तुकडे असे असतात की ते फोडायला शरीराला एक खास हत्यार लागतं. या मुलांकडे तेच नसतं. तुकडे रक्तात साठत जातात. त्यातल्या एकापासून सोटोलोन तयार होतं आणि बाळाच्या अंगाला काकवीसारखा गोड वास येतो. दुसरा तुकडा, ल्युसिन, त्याला कसलाच वास नाही, पण तो मेंदूवर चढतो. वास येतो एकाचा आणि जीव घेतो दुसरा. वैद्यकातलं लांबलचक नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून जिल्ह्यात सगळे काकवीचा आजार म्हणत. पहिल्या चारपाच दिवसांत कळलं तर वेगळी दूधभुकटी देऊन मूल वाचतं, शाळेत जातं, भांडतं. आठवडा उलटला की हातचं जातं.

चाफा लागला आणि एकच गोंधळ उडाला. पहिल्या तीन महिन्यांत एकशे बारा पाकळ्या केशरी झाल्या. त्यातली आजारी मुलं दोन. बाकीच्या एकशे दहा घरांत बाळंतिणीला मेथीचे लाडू चालू होते! मेथी आईच्या पोटात, तिथून दुधात, दुधातून बाळात, आणि मशिन आपलं बोंबलतंय. चांगली धडधाकट बाळं आईच्या कुशीतून उचलून दवाखान्यात नेली गेली, दोन दोन दिवस त्यांचं अंगावरचं दूध तोडलं. आयांची दुधं गाठाळली, आज्या कचेरीवर चालून आल्या. एका गावानं तर सगळे चाफे सोडून देवळाच्या कमानीला तोरणासारखे बांधले.

तोडगा वृषालीनं काढला. पाकळी केशरी झाली की सिस्टरनं घरी जाऊन एकच प्रश्न विचारायचा: बाळंतिणीनं दोन दिवसांत मेथी खाल्ली का? 'नाही' असेल तर बाळाला ताबडतोब गाडीत घालायचं आणि रक्त ड्रोननं पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवायचं. 'हो' असेल तर पाकळी फिकट पिवळी करून ठेवायची आणि टाचेतलं रक्त सावकाश, मंगळवारच्या गाडीनं पाठवायचं. बैठकीत चाफ्याचं काम बघणारे डॉक्टर काळसेकर म्हणाले होते, आईच्या तळहाताचा घामही पट्टीवर टिपून घेऊ, खात्री होईल. वृषाली म्हणाली, "एवढ्या घरांना पट्ट्या कुठून पुरवणार, सर? विचारा की सरळ. बाई वयाबद्दल खोटं बोलेल, वजनाबद्दल बोलेल. मेथीच्या लाडवाबद्दल कोण कशाला खोटं बोलेल?"

सगळे हसले आणि नियम झाला. दोन वर्षं तो बिनबोभाट चालला. चाफे कमानीवरून उतरून पुन्हा पाळण्यांवर आले. वृषालीची पाठ सगळ्यांनी थोपटली, आणि खरं सांगायचं तर तिनं स्वतःनंही थोपटून घेतली.

तिसऱ्या वर्षी तिची एकुलती एक लेक ओवी पहिल्या बाळंतपणाला सांगलीला माहेरी आली.

ओवी दिली होती घरातच, गडहिंग्लजला, सख्ख्या आत्याच्या मुलाला. तिकडे ही रीत अजून सुटलेली नाही. आत्याचा शर्विल आणि मामाची ओवी लहानपणापासून एकमेकांच्या मागे लागलेली, त्यामुळे मोठ्यांना फक्त अक्षता टाकायचं काम उरलं होतं. लग्नाआधी रक्त तपासा असं वृषालीच जिल्हाभर सांगत फिरायची. स्वतःच्या घरी मात्र, आपलंच तर रक्त आहे, त्यात काय बघायचं, म्हणून राहून गेलं.

शर्विलची आई सुरेखा ही वृषालीची नणंद आणि आता विहीण. वृषाली तिला वन्सं म्हणायची. हल्ली असं कुणी म्हणत नाही, पण नवऱ्यानं लग्नानंतर गमतीनं म्हणायला लावलं होतं. अजित सहा वर्षांपूर्वी गेला आणि शब्द तेवढा मागे राहिला. वन्सं म्हणजे मोठं प्रकरण. मायाही ढीगभर आणि हुकूमही ढीगभर. त्यांनी वाढलेलं नको म्हणायची या घरात प्राज्ञा नव्हती, अजितचीही नव्हती.

नात झाल्याचं कळलं तशा त्या दुसऱ्याच दिवशी येऊन थडकल्या. पिशवीत लाडवांचा डबा होताच, वर सांगलीत आल्या आल्या त्यांनी आणखी मेथी भाजायला घेतली.

"इथं कशाला त्रास घेताय, वन्सं?"

"त्रास कसला? माझ्या भावाचं घर हाय. माझं म्हायेर. तू गप बस तिकडं."

तुपात मेथी भाजल्याचा वास जिन्यापर्यंत गेला. पडद्यांना, उशांना, वृषालीच्या केसांना तोच वास. नाकाचं असं असतं की एकच वास सतत मिळाला तर थोड्या वेळानं ते त्याची नोंद घेणंच सोडून देतं. वृषाली हे वर्षानुवर्षं शिकवत आली होती. तिच्या नाकानंही तेच केलं.

रोज सकाळी वन्सं ओवीपुढे बशीत लाडू आणि वाटीभर दूध ठेवत. थोड्या वेळानं बशी रिकामी परत येई. वृषालीला बरं वाटे. ओवीला लहानपणापासून कडू म्हणून काही नको असायचं, कारल्याच्या दिवशी पोरगी दिवसभर उपाशी राहायची. आई झाली आणि शहाणी झाली, असं तिला वाटलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी चौथी पाकळी केशरी झाली. वृषालीनं पाहिली आणि हसून मान हलवली. स्वतःच्याच घरात मेथीनं चाफ्याला फसवलं होतं. तरी नियम म्हणजे नियम, म्हणून तिनं कळवलं, आणि चौथ्या दिवशी सकाळी नसीमा सिस्टर आली. हातात टॅब्लेट, चेहऱ्यावर संकोच.

"मॅडम, तुमच्याच घरी येऊन तुमचाच प्रश्न विचारायचा म्हणजे..."

"विचारा, विचारा. मीच केलाय, मीच मोडू?"

ओवी पलंगावर बाळाला घेऊन बसली होती. वन्सं शेजारी शेकशेगडीत ओवा टाकत होत्या. सिस्टर ओवीकडे वळली. "दोन दिवसांत मेथी खाल्लीस का, ओवी?"

ओवीनं आत्याकडे पाहिलं. तेवढ्यात दारातून वृषालीच म्हणाली, "खाल्ली म्हणजे काय! रोज दोन लाडू."

"माझ्या हातचे हाईत," वन्सं खुशीत म्हणाल्या. "न खाऊन सांगती कुणाला!"

ओवी कसनुसं हसली आणि बाळाचं टोपडं सारखं करू लागली. सिस्टरनं 'हो' दाबलं. पाकळी फिकट पिवळी झाली. टाचेतून घेतलेला रक्ताचा थेंब कागदावर वाळवून पाकिटात गेला. तातडीचा असता तर ड्रोननं पाऊण तासात पुण्याला पोचला असता. हा मंगळवारी जाणार होता, आणि त्या दिवशी होता शुक्रवार.

त्या दिवशी बाळाला न्हाऊ घालताना वृषालीला कानामागे गोड वास आला. मेथी लेकरापर्यंत पोचली म्हणायची, असं म्हणून तिनं तो कान पुसला.

पाचव्या दिवशी पाचवी पुजली. बाळ सगळा वेळ झोपून होतं. पाजायला घेतलं तर दोन घोट घेऊन पुन्हा डोळे मिटी. "शहाणी हाय गं," वन्सं म्हणाल्या, "आईला दमवत न्हाई." सगळ्या बायका हसल्या, वृषालीही हसली.

सहाव्या दिवशी सकाळी वन्सं देवाला गेल्या होत्या. शेगडी बंद होती, खिडक्या उघड्या होत्या आणि चार दिवसांनी प्रथमच घरात मोकळा वारा शिरला होता. ओवीनं हाक मारली, "आई, ही बघ कशी करतेय." बाळाची पाठ ताठ होऊन मागे वळली होती. पाय सायकल चालवल्यासारखे फिरत होते आणि डोळे उघडे असून कुठेच पाहत नव्हते. वृषालीनं तिला उचललं. टाळूला, मानेला, दुपट्याला काकवीचा दाट वास. मग ओवीला उठवायला ती वाकली, तिचं नाक लेकीच्या मानेला लागलं, आणि ती तिथेच थिजली.

ओवीच्या अंगाला दुधाचा वास होता, घामाचा होता, पावडरीचा होता. मेथीचा अजिबात नव्हता. पोरीच्या अंगाला आहे आणि आईच्या अंगाला नाही, म्हणजे तो वास आईकडून आलेला नाही. एवढं गणित मांडायला वृषालीला एक श्वास पुरला.

"ओवी, तू..." एवढंच ती म्हणाली आणि पुढचं गिळलं. "पायात चपला घाल. गाडी बोलावते."

मिरजेच्या दवाखान्यात बाळाचं रक्त यंत्रातून फिरवून धुतलं. ल्युसिनचा आकडा तरुण डॉक्टरिणीनं दोनदा ताडून पाहिला. मग म्हणाली, "दोन दिवस आधी आणलं असतं तर..." आणि वृषालीचा चेहरा पाहून यंत्राकडे वळली. गुजरातेतल्या पवनचक्क्यांवर कामाला असलेला शर्विल धावत आला. दोष एकाच घरातून दोन वाटांनी आला होता: अजितकडून ओवीत, वन्संकडून शर्विलमध्ये, आणि दोघांकडून पोरीत. पाच दिवस यंत्र फिरत राहिलं. अकराव्या दिवशी दुपारी ते बंद केलं. दुसऱ्या दिवशी बारसं होतं. नाव अजून ठरायचंच होतं.

घरी आल्यावर ओवी भिंतीला पाठ लावून बसली ती बसलीच. जेवण नाही, झोप नाही, रडणंही नाही. शर्विलला कामावरून पुन्हा बोलावणं आलं तेव्हा निघण्याआधी तो खूप वेळ तिचा हात धरून बसला, पण ती त्याच्याशीही बोलली नाही. वन्संनी पेज करून तोंडाशी धरली तर ती मान फिरवायची. चौथ्या दिवशी तिनं आईला एकदाच विचारलं, "माझ्याकडून काही चुकलं का गं?"

"तुझ्याकडून काय चुकणार?" वृषाली म्हणाली.

त्याच दुपारी बाळाचे कपडे बांधून ठेवायला तिनं कपाटाचा खालचा खण ओढला. दुपट्यांच्या तळाशी लाडू होते. एकेक लाडू कागदी रुमालात नीट गुंडाळून ठेवलेला. एकाचा फक्त कोपरा चावलेला. पोरीला ते खाववले नव्हते, आत्याला नको म्हणवलं नव्हतं आणि अन्न टाकवलंही नव्हतं. वृषाली फरशीवर बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली.

दुसऱ्या दिवशी कचेरीतून फोन आला. चाफा लावलेलं मूल दगावलं की चौकशी होतेच. गुरुवारी डॉक्टर काळसेकर घरी येणार होते. बाळाच्या आईला पहिला प्रश्न तोच विचारणार होते.

वृषालीपुढे दोनच वाटा होत्या. ओवीला म्हणावं, लाडू खाल्ले होते असंच सांग. म्हणजे सगळं तिथंच मिटलं असतं. पण मग नियम तसाच राहिला असता. त्या घटकेला जिल्ह्यात त्रेचाळीस पाकळ्या कुणाच्या तरी 'हो'च्या भरवशावर पिवळ्या होत्या. त्या 'हो'मागे किती विहिणी शेजारी बसल्या होत्या, कोणाला ठाऊक? आपण कशी माती खाल्ली ते वृषालीला आता कळत होतं. लाडवाबद्दल बाई खोटं बोलणार नाही, असं तिनं छातीठोक सांगितलं होतं. आणि बाईला खोटं बोलावंही लागलं नाही, नुसतं गप्प राहणं पुरलं.

दुसरी वाट खऱ्याची. ओवीनं खरं सांगायचं. मग चोवीस वर्षांच्या पोरीला कुणीतरी, कितीही मायेनं असो, समजावून सांगणार की तो प्रश्न खाण्यापिण्याची चौकशी नव्हता. त्यावर तिच्या मुलीचा जीव टांगला होता, आणि ती टोपडं सारखं करत बसली. आधीच मिटत चाललेली ओवी त्या दिवशी कायमची मिटली असती. याबद्दल वृषालीला तिळमात्र शंका नव्हती.

बुधवारी सकाळी ती कचेरीत गेली आणि काळसेकरांच्या टेबलावर तिनं एक कागद ठेवला.

त्यांनी तो दोनदा वाचला. "तुम्हाला माहीत होतं? ओवीनं लाडू खाल्ले नाहीत, हे माहीत असून तुम्ही 'हो' म्हणालात?"

"हो, सर."

"तुम्ही? हा प्रश्न कशासाठी आहे, हे सगळ्या जिल्ह्याला शिकवणाऱ्या तुम्ही?"

"नणंद समोर बसली होती. तिनं हातानं केलेले लाडू. तिला वाईट वाटलं असतं." हे बोलताना वृषालीचा आवाज हलला नाही. आदली अख्खी संध्याकाळ तिनं हेच वाक्य मनात घोळवलं होतं. "मला वाटलं, मेथी नाही तर दुसरं काही असेल. आमच्या घरात कुठला आलाय असला आजार?"

"मला हे पटत नाही, वृषालीताई."

"पटवून घ्या. आणि आजच्या आज प्रश्न बंद करा. पाकळी केशरी झाली की रक्त ड्रोननंच गेलं पाहिजे, मेथी असो नाहीतर नसो. आईच्या हाताचा घामही टिपा. तुम्ही तेव्हा म्हणाला होतात, मी ऐकलं नाही."

"तुमच्यावर कारवाई होईल. पुन्हा इथे पाय ठेवता येणार नाही."

"होऊ दे. फक्त ओवीला काही विचारू नका. विचारायचं ते सगळं या कागदावर आलंय."

काळसेकरांनी कागद तिसऱ्यांदा वाचला. त्यांच्या मनात काय आलं ते त्यांनाच ठाऊक. शेवटी त्यांनी खिशातून पेन काढलं, कागदावर सही केली आणि शिक्का मारायला तो बाहेर पाठवला. दुपारपर्यंत त्रेचाळीस घरांकडे गाड्या निघाल्या होत्या.

वृषाली घरी आली तेव्हा ओवी जागच्या जागी बसली होती. पण आज तिचे हात एकमेकांत घट्ट अडकलेले होते.

"आई, उद्या चौकशीला येणार आहेत ना? आत्या म्हणाली."

"येणार नाहीत. मी सगळं सांगून आले."

"पण मला सांगायचंय. आई, ते लाडू... मी ते..."

"तू खाल्ले नव्हतेस," वृषाली म्हणाली. "मला माहीत होतं."

ओवीनं वर पाहिलं. कितीतरी दिवसांनी ती कुणाकडे तरी नीट पाहत होती.

"दुसऱ्याच दिवशी खणात दिसले होते मला," वृषाली सांगत गेली. एकदा थांबली असती तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. "सिस्टरनं विचारलं ते जेवणाखाणाचं नव्हतं, ओवी. तू नाही म्हणाली असतीस तर बाळाला त्याच घटकेला नेलं असतं. तुला ते कसं कळणार? तुला कुणी सांगितलंच नव्हतं. मला मात्र सगळं माहीत होतं. आणि मी हो म्हटलं."

"का?"

"तुझी आत्या बसली होती."

"आत्याचं मन राखायला?" ओवीचा आवाज आधी बारीक होता. "तुला माहीत होतं, आई? तू ज्या मशिनवर काम करतेस, त्याच्यापुढे उभी राहून... माझी मुलगी माझ्या मांडीवर होती! मला वाटत होतं, माझं दूध वाईट आहे. मी रोज देवाला विचारत होते, मी काय केलं, मी काय केलं. आणि तू इथे माझ्या उशाशी बसत होतीस?"

वृषालीनं मान खाली घातली. लेकीला ते खरं वाटणं आता त्या खाली घातलेल्या मानेवर अवलंबून होतं.

"तुझं तोंड बघायचं नाही मला," ओवी किंचाळली, आणि मग पहिल्यांदा, अगदी पोटातून, मोठ्यानं रडली. उशी फेकली, भिंतीवर मुठी आपटल्या, आईला म्हणू नये ते म्हणाली. वृषाली ऐकत उभी राहिली. रागावलेलं माणूस धुमसत का होईना, पण जगतं. स्वतःलाच खात सुटलेल्या माणसाचं काही सांगता येत नाही, आणि गेले काही दिवस ती तेच बघत आली होती.

वन्सं दारात उभ्या होत्या. वृषाली स्वयंपाकघरात गेली तशा त्या मागोमाग आल्या आणि दार लोटून घेतलं.

"वृषाली, माझ्याकडं बघ."

वृषालीनं पाहिलं. तीस वर्षांत तिचं एकही खोटं या बाईपुढे पचलं नव्हतं, अगदी साखर संपल्याचंसुद्धा.

"माझ्या लाडवांनी..." वन्सं म्हणाल्या.

"लाडवांनी काही झालं नाही. तुम्ही मायेनं केलेत."

"मी नेते तिला गडहिंग्लजला. आज सांजच्याच गाडीनं."

"न्या."

"ती तुझं नाव काढायची न्हाई, पोरी. वर्षानुवर्षं काढायची न्हाई. मी किती दिवस तोंड मिटून बसू?"

"कायमचं," वृषाली म्हणाली. "तुमच्या भावाची शपथ आहे तुम्हाला."

वन्संनी पदर डोळ्यांना लावला. बाहेरून ओवीचा आवाज आला, रडून रडून बसलेला, पण ठाम. "आत्या, निघायच्या आधी काहीतरी खायला दे. मला भूक लागलीय. तिला सांग, वाढायला येऊ नकोस."

वृषालीनं परातीत पीठ घेतलं. पाणी घालून तिनं ते दोन्ही हातांनी मळलं. पहिली भाकरी टम्म फुगली. वन्सं ती ताटात घालून, वर वांग्याची भाजी वाढून बाहेर घेऊन गेल्या. वृषाली लोटलेल्या दाराशी उभी राहून ऐकत होती. बराच वेळ काहीच ऐकू येईना. मग भांडं सरकल्याचा आणि पाणी प्यायल्याचा आवाज आला.

वन्सं रिकामं ताट घेऊन आत आल्या.

"आणखी एक मागती," त्या म्हणाल्या.

वृषालीनं दुसरी भाकरी थापायला घेतली.